ढगाची पूजा

"आणि तुझ्या त्या ढगातल्या मशीनला हळदकुंकू कुणी लावायचं?"

पूजेचं ताट हातात धरून आत्ती माझ्या खुर्चीमागं उभी होती. खंडेनवमीची सकाळ. आमच्या हुपरीत त्या दिवशी चांदीचं काम बंद असतं. हत्यार चालवायचं नाही, त्याची पूजा करायची. तार ओढायचं मशीन, प्रेस, हातोड्या, अगदी तागडीसुद्धा धुऊनपुसून झेंडू घालून बसवलेली. आत्तीच्या हातून काही सुटत नाही. मागं एकदा पडवीतली जुनी मोटर पूजेची राहिली आणि दिवाळीच्या तोंडावर जळली, त्याचं खापर ती अजून माझ्यावर फोडायची.

"लावलंस की कॉम्प्युटरला," मी म्हटलं. "स्क्रीनवर बोटं उमटवलीस, आता पुसता पुसता माझा जीव जाणार."

"त्यात काय नक्ष्या हायत व्हय? तूच म्हणालीस, कॉम्प्युटर नुसता बघायला, नक्ष्या सगळ्या ढगात. मग जिथं लक्ष्मी हाय तिथं काय न्हाई, आणि नुसत्या काचेला कुंकू?"

आत्तीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी तिच्याच पोराला, धैर्यशीलला फोन लावला आणि तिच्या तोंडासमोर धरला. ढग त्याचा होता, त्यानंच निस्तरावं.

"धैर्या, वैजूच्या नक्ष्यांचं मशीन कुठं हाय रं?"

"मुंबईत. का गं आई?"

"पूजा केली काय त्याची कुणी?"

तो हसला. "केली की. सकाळीच केली, नारळ पण फोडला. तू निवांत बस."

आत्तीचा जीव भांड्यात पडला. माझ्याही मनात काही आलं नाही. आई भोळी, लेकानं गोड बोलून समजूत काढली, एवढंच वाटलं.

धैर्यशील माझा आतेभाऊ, पण ते सांगायला. माझी आई गेली तेव्हा मी बालवाडीत जात होते. आत्ती त्याच सुमाराला नवऱ्यामागं पोराला घेऊन माहेरी आली आणि राहिली. आम्ही दोघं एका ताटात जेवलो, एका दप्तरावरनं भांडलो. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या शाळेच्या वेण्या घातल्या. मी तिला आई म्हटलं नाही कधी, पण आई म्हणजे काय ते मला तिच्यावरनंच ठाऊक.

पुढं धैर्यशील कॉम्प्युटर शिकला आणि त्यानं पेठेत दुकान घातलं. मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कारखान्यात पैंजणांच्या नक्ष्या काढायला लागले, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. एका उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून कॉम्प्युटर जळला आणि माझं सगळं काम त्यात राख झालं. त्या दिवशी मी जेवले नव्हते. धैर्यशीलच मला म्हणाला, "खुळे, जमिनीवर ठेवतीस म्हणून जळतंय. मी तुला ढगात जागा देतो. क्लाउड म्हणतात त्याला."

"कुठल्या ढगात?"

"त्याला गाव नसतं गं. जागा विचारायचीच नसते. चोर कारखाना फोडून आत आला तरी तुझी नक्षी नेणार कुठनं?"

मला ते फार आवडलं. नक्षी चोरीला जाणं ही हुपरीची जुनी खोड. एकाचा पैंजण बाजारात दिसला की आठवड्यात दहा जणांकडं तोच. त्यामुळं नवी नक्षी मोठ्या व्यापाऱ्याला दाखवेपर्यंत सख्ख्या माणसालाही दाखवायची नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. आणि त्या वर्षी माझ्याकडं अशी एक नक्षी होती की विचारू नका.

कणीस पैंजण. जोंधळ्याच्या कणसासारखे दाणे, एकावर एक कललेले. पण खरी गंमत पुढं होती. पैंजणाचे दोन्ही नग सारखेच असतात, डावा-उजवा कुणी करत नाही. माझ्या नक्षीत डाव्या पायाचे दाणे एकीकडं कलायचे आणि उजव्याचे दुसरीकडं, म्हणजे बाई पाय जुळवून उभी राहिली की दोन्ही कणसं एकमेकींकडं झुकलेली दिसावीत. त्याला दोन वेगळ्या डाय, म्हणजे चांदीवर नक्षी उठवायचे ठसे, लागणार होत्या. खर्च दुप्पट, पण आजवर कुणी केलेलं नव्हतं. राजकोटचे रसिकभाई खंडेनवमीला हुपरीत येणार होते आणि ती मी त्यांनाच पहिल्यांदा दाखवणार होते. आबांनी सांगून ठेवलं होतं, "वैजू, ह्या बारीला मोठी ऑर्डर आली न्हाई तर कारखाना मी भाड्यानं देऊन टाकणार. माझ्यानं आता व्हत न्हाई." म्हणजे सगळं त्या एका नक्षीवर.

रसिकभाई आले ते घाम पुसतच. बत्तीस गाव हिंडलेला व्यापारी, मराठी चांगलं बोलायचे.

"पेठेत लाईट गेली, आबा. पंखा नाही, काही नाही. चहा अर्धा टाकून निघालो. तुमच्याकडे आहे, छान आहे."

"आमचा माळावरचा कारखाना, लाईन वेगळी," आबा म्हणाले. "बसा. वैजूनं काहीतरी काढलंय. मला पण दाखवलं न्हाई तिनं."

आत्ती पाण्याचा तांब्या ठेवत कुरकुरली, "पूजेच्या मशीनला हात लावू नये आज."

"काम नाही करत आत्ती, नुसतं दाखवते."

मी फाइलवर क्लिक केलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि मग पाटी आली, सर्व्हर सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. इंटरनेट गेलं म्हणावं तर त्याच कॉम्प्युटरवर बातम्या उघडत होत्या. रसिकभाई घड्याळाकडं बघायला लागले. मी बाहेर येऊन धैर्यशीलला फोन केला.

"धैर्या, माझं काहीच उघडत नाही रे. रसिकभाई समोर बसलेत!"

"मुंबईला काहीतरी झालंय. थांब थोडा वेळ, येतंय चालू."

त्याच्या मागं कुणीतरी ओरडत होतं, "अरे डिझेल आणलं काय? बॅटरी संपली!"

फोन ठेवला आणि मी तिथंच उभी राहिले. पेठेत लाईट गेली आणि मुंबईतलं मशीन बंद पडलं? आणि हा सकाळी आत्तीला म्हणाला, पूजा केली, नारळ फोडला. कुठं फोडला? आदल्या रात्री हा घरात जेवून झोपला होता.

"आत्ती, रसिकभाईंना नाश्ता दे. आबा, मी आलेच," म्हणून मी गाडीला किक मारली.

धैर्यशीलच्या दुकानाला कुलूप होतं. त्याची बुलेट मात्र पुढच्या गल्लीत दिसली, हिंदुराव शेटच्या बिल्डिंगखाली. हिंदुराव शेट म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं घराणं. आबांच्या दोन नक्ष्या त्यांनी उचललेल्या साऱ्या गावाला ठाऊक, आणि तोंडावर कायम गोड. जिन्याखाली दोन माणसं जनरेटरशी झटापट करत होती. मला कुणी अडवलं नाही. जिना चढून मी माडीवर गेले.

कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. धैर्यशील पाठमोरा, हातात टॉर्च. समोर लोखंडी मांडणीत एक काळं मशीन. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ, पुढं फोडलेल्या नारळाची दोन भकलं. आईशी तेवढं मात्र तो खरं बोलला होता.

"मुंबई आली काय रे इथं?"

तो दचकला. टॉर्च माझ्या तोंडावर आला, मग खाली गेला.

"वैजू. ऐक आधी. सुरुवातीला मुंबईतच होतं, आईशप्पत. मोठ्या कंपनीकडं जागा घेतली होती. ते परवडेना, म्हणून स्वतःचं मशीन घेतलं. डेटा हाय तो. इथं असला काय, तिथं असला काय, काय फरक पडतो? पासवर्ड तुझाच."

"आणि जागा हिंदुराव शेटची."

"जागेचा काय संबंध? शेटनं भाडं पण नाही लावलं. एसी त्यांचा, लाईटबिल तेच भरतात."

हिंदुराव शेट फुकट कुणाला रामराम घालत नव्हता.

"ह्या खोलीची किल्ली कुणाकडं असते?"

"एक माझ्याकडं. एक खाली ऑफिसात. आग-बिग लागली तर असावी म्हणून."

"धैर्या, भाडं कशात देत होतास?"

त्यानं टॉर्च मशीनकडं वळवला. खाली जनरेटर फटफटला आणि बंद पडला. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं. "बोल की! कशात देत होतास?"

"मग तू दिली असतीस जागा?" तो एकदम उसळला. "तुमच्या घरात आयुष्यभर मामाची भाकरी खाल्ली मी. आईनं तुमची भांडी घासली. कारखान्यात आमचा काय वाटा, विचारलं कधी कुणी? शेटनं मला माणसासारखं वागवलं. जुन्या नक्ष्या मागितल्या, दिल्या. बाजारात येऊन गेलेल्याच दिल्या. त्यात तुझं काय गेलं?"

"मागितलास कधी वाटा? एकदा तरी तोंड उघडलंस?" माझा आवाज चढला होता. "आणि कणीस? ते दिलंस?"

"नाही."

"माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं. सरळ डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "नाही दिलं, वैजू. अंबाबाईची शपथ."

मी विश्वास ठेवला. एवढं सगळं डोळ्यांसमोर दिसत असताना ठेवला. लहानपणापासूनचा माणूस, शपथ घेतो, काय करणार? तेवढ्यात लाईट आली. मशीनचे हिरवे दिवे लागले, पंखा घुमायला लागला. मी म्हटलं, "बाकीचं घरी बोलू. आधी रसिकभाईंना नक्षी दाखवते," आणि जिना उतरले.

खाली शेटच्या कारखान्याचं दार सताड उघडं. आत चौरंगावर देवीचा फोटो, समई, आणि पुढं नव्या डाय पूजेला मांडलेल्या. नवी डाय पहिल्यांदा देवीपुढं ठेवायची, मग प्रेसला चढवायची, ही सगळ्यांकडचीच रीत.

"कोण, आबांची वैजू? ये ये, प्रसाद घे पोरी," हिंदुराव शेट गादीवरनं म्हणाले.

मी आत गेले. चौरंगाच्या मधोमध दोन डाय होत्या, शेजारी शेजारी. दोन्हींवर कणसाचे दाणे कोरलेले. एकीचे डावीकडं कललेले, एकीचे उजवीकडं.

कुणालाही न दाखवलेली नक्षी, आबांनासुद्धा न दाखवलेली, ती तिथं लोखंडात उभी होती.

"ही कुणाची नक्षी, शेट?"

"आमचीच की. आवडली?" त्यांनी माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले. डोळ्याची पापणी हलली नाही बाबाची!

मी साखरफुटाणे तिथंच गादीवर टाकले आणि बाहेर आले. धैर्यशील जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. मी काय बघितलं ते त्याला कळलं. मी रस्त्यातच रडायला लागले. बाजारपेठ, सणाचा दिवस, लोक बघत होते, मला कशाची शुद्ध नव्हती.

"रडू नको," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच कापत होता. "रडू नको वैजू. चुकलं माझं. मी येतो तुझ्याबरोबर. रसिकभाईंना सगळं सांगतो. नक्षी कुणाची, कधीची, सगळं. मशीनमध्ये तारखा असतात, त्या दाखवतो. चल."

वाटेत मी देवीला म्हणत होते, चुकला गं बाई, पण शेवटी माझा भाऊ तो. घराकडं वळला.

कारखान्यात सगळे तसेच बसले होते. ह्या वेळी फाइल झटकन उघडली. स्क्रीनवर दोन कणसं एकमेकींकडं झुकली. आबा पुढं सरकले, त्यांच्या तोंडावर हसू आलं. "वैजू! हे तू काढलंस?"

रसिकभाईंनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई," ते म्हणाले, "ही नक्षी मी सकाळी बघितली. हिंदुराव शेटकडे. हातानं घडवलेला नमुन्याचा पैंजण पायात घालून दाखवला त्यांनी. ऑर्डर दिली मी." आणि मग अगदी हळू, "आबांच्या घरात दुसऱ्याचं उचलायची सवय नव्हती."

आबा उठून उभे राहिले. त्यांना कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"उचललं त्यांनी!" मी ओरडले. "माझ्याकडनं उचललं! माझं सगळं काम ज्या मशीनमध्ये आहे ते त्यांच्या माडीवर ठेवलंय. ह्याला विचारा, ह्यानं ठेवलंय. ही फाइल मी कधी सुरू केली ती तारीख आहे त्यात, पावसाळ्याच्या आधीची. धैर्या, सांग ना. सांग ह्यांना!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. धैर्यशीलनं एकदा रसिकभाईंकडं बघितलं, एकदा आबांकडं. मी त्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसले होते.

"तारखेचं काय, रसिकभाई," तो म्हणाला. "ती बदलता येते."

रसिकभाईंनी मान हलवली, आबांना हात जोडले आणि निघून गेले. गाडीचा आवाज लांब गेला. मग आबा माझ्याकडं वळले.

"वैजू, खरं सांग मला."

मला! मला विचारलं त्यांनी. त्याला नाही.

"आधी जेवून घ्या," आत्ती आतनं म्हणाली. "नैवेद्य झालाय. सणाचा दिवस हाय, भांडण नंतर करा."

आणि तो जेवायला बसला! हात धुतले, पाटावर बसला, जसा रोज बसायचा. आत्तीनं पुरणाची पोळी वाढली, वर तूप घातलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माडीवरची खोली, काळं मशीन, त्याला लावलेलं कुंकू, शेटच्या ऑफिसातली किल्ली, देवीपुढच्या दोन डाय, खोटी शपथ. आबा डोकं धरून ऐकत होते.

"धैर्या," आत्तीनं विचारलं, "खरं हाय?"

त्यानं पोळीचा घास मोडला आणि तोंडात घातला. आत्ती त्याच्याकडं बघत राहिली. तिचं पोर ते, तिला बोलायची गरज नव्हती. तिला कळलं. मी बघितलं, तिला सगळं कळलं. आणि तिनं तुपाचा दुसरा चमचा त्याच्या पोळीवर सोडला.

"जेवू दे त्याला," ती मला म्हणाली. "मग बघू."

माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले, त्याच्यासमोरचं भरलेलं ताट उचललं आणि नेऊन अंगणात ठेवलं. आमच्यात वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरनं उठवत नाहीत. तो तसाच उष्ट्या हातानं बसून राहिला. मग उठला, चूळ भरली, चपला घातल्या आणि गेला.

आत्तीनं तुपाची वाटी झाकून ठेवली. आत जाऊन पिशवीत दोन लुगडी भरली. मला वाटलं ती मला मारेल, शिव्या देईल. तसं काही केलं असतं तर फार बरं झालं असतं.

"आत्ती, तू कुठं चाललीस? तू काय केलंयस?"

"पोरगं हाय माझं, वैजू," ती म्हणाली आणि त्याच्यामागं गेली.

कारखाना आबांनी त्या दिवाळीला भाड्यानं दिला नाही, पुढच्या वर्षी दिला. मी आता दुसऱ्याच्या कारखान्यात नक्ष्या काढते, आणि काम माझ्याच कपाटात ठेवते, किल्ली माझ्याच कमरेला. कणीस पैंजण चार वर्षं धो धो चालला. लग्नाच्या मांडवात दिसला की मी मान फिरवायची.

हिंदुराव शेटनं धैर्यशीलला माडीवरच राहायला खोल्या दिल्या. आत्ती तिथं राहते. पेठेतनं जाताना मी वर बघत नाही असं ठरवते आणि बघते. कधी कठड्यावर तिचं लुगडं वाळत असतं. मागच्या उन्हाळ्यात राहवलं नाही, खालनंच हाक मारली, "आत्ती!"

ती कठड्यापाशी आली. केस सगळे पांढरे झालेत तिचे. माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"जेवलीस काय?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

वर ये मात्र म्हणाली नाही.